‘शहाणी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

आजच्या विषयाची सुरुवात एका शब्दापासून करू. मुलीला पहिली पाळी आली की आपल्याकडची मोठी माणसं म्हणायची, ‘पोरगी शहाणी झाली.’ कुठे ‘न्हाण आलं’ म्हणायचे, कुठे ‘पदर आला’. ते समजू शकतं. पण शहाणी? अकरा-बारा वर्षांची मुलगी एका दिवसात शहाणी कशी होते? याच समजुतीवरून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे मोठं वादळ उठलं.

रखमाबाईंचं उदाहरण घ्या. जन्म १८६४, मुंबई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं. काही महिन्यांतच त्यांना न्हाण आलं. रीतीप्रमाणे आता गर्भाधान संस्कार व्हायचा, मुलगी नवऱ्याच्या स्वाधीन व्हायची. पण त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तो होऊ दिला नाही. ते स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले होते. इतक्या कोवळ्या वयात हे नको, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या नकारामुळे रखमाबाईंना शिकायला वेळ मिळाला. पुढे १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये मात्र नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

असाच वेळ रमाबाई रानड्यांनाही मिळाला. लग्न झालं तेव्हा त्यांचंही वय अकराच होतं. रानड्यांनी त्यांना हाती पाटी दिली. १८७८ च्या सुमारास रानड्यांची बदली आपल्या नाशकात झाली आणि इथल्या मुक्कामातच रमाबाई पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात पुढे आल्या. आनंदीबाई जोशींचं तसं झालं नाही. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातूनच डॉक्टर व्हायची त्यांची जिद्द पक्की झाली. १८८६ मध्ये त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या.

आता कायद्याकडे येऊ. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर संमतिवयाचं बिल आलं. मार्च १८९१ मध्ये ते मंजूर झालं आणि संमतीचं वय दहावरून बारा झालं. फक्त बारा! तरी केवढा गदारोळ! टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, सुधारणा आमची आम्ही करू. डॉ. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवले की न्हाण आल्याबरोबर गर्भाधान केलंच पाहिजे असं नाही. दोन्ही बाजू थोर माणसांच्या होत्या. पण वाद पुन्हा पुन्हा एकाच खुंट्याभोवती फिरत होता, तो म्हणजे पहिली पाळी.

या खुंट्याचं खरं स्वरूप कळायला आणखी शंभर वर्षं लागली. पियुषिका ग्रंथीला हुकूम देणारं जीएनआरएच हे संप्रेरक १९७१ मध्ये मेंदूतून वेगळं काढलं गेलं. त्यावर १९७७ चं नोबेल मिळालं. पण या हुकूम देणाऱ्याला हुकूम कोण देतो? उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळालं. पेनसिल्व्हेनियातच हर्शी नावाचं गाव आहे, चॉकलेटसाठी प्रसिद्ध. तिथे कर्करोगाचा प्रसार रोखणारं एक जनुक १९९६ मध्ये सापडलं. गावच्या ‘किस’ चॉकलेटवरून त्याला किस-१ नाव दिलं. त्यापासून बनणारं संप्रेरक म्हणजे किसपेप्टिन. २००३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की किसपेप्टिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहीतच दोष असेल, तर माणूस वयात येतच नाही. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीज पक्व करायला हेच किसपेप्टिन वापरून दाखवलं.

म्हणजे पाळीची सुरुवात गर्भाशयात नाही, मेंदूत होते. जन्मानंतर काही महिने ही यंत्रणा जागी असते, मग कित्येक वर्षं शांत राहते. पुढे ती आधी रात्री झोपेत ठोके द्यायला लागते. अंगात पुरेसं अन्न, पुरेशी चरबी आहे का, ही खबरही मेंदूतल्या या पेशींपर्यंत पोहोचते. म्हणून उपासमारीत पाळी लांबते किंवा थांबते. पहिली पाळी येते तेव्हा ही तालीम नुकतीच सुरू झालेली असते. पुढची एक-दोन वर्षं अनेक पाळ्यांत स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. कमरेच्या हाडांची वाढ तर त्यानंतरही चालू राहते. शेतात पहिला कोंब दिसला म्हणून कोणी विळा घेऊन कापणीला जात नाही ना?

सखाराम अर्जुनांना किसपेप्टिन माहीत नव्हतं, जीएनआरएचही नाही. तरी समोरची मुलगी लहान आहे, एवढं त्यांना दिसत होतं. आज आपल्याला सगळं माहीत आहे. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ पासून अठरा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. शंभरात बावीस. यातल्या कित्येक घरांत आजही एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता मोठी झाली ती.’

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. कोणी ‘पोरगी शहाणी झाली’ म्हणालं, तर सांगा की तिच्या मेंदूने आत्ता कुठे सुरुवात केली आहे. तिला शहाणं व्हायला वेळ द्यायचा शहाणपणा आपण मोठ्यांनी दाखवायचा आहे.