वाटाड्याचा नातू

सप्टेंबर १८०३मधल्या असईच्या लढाईनंतर इंग्रजी फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सननं आमच्या मुलखात एका वाटाड्याला फासावर चढवलं. त्या लढाईवरची पुस्तकं हे एका वाक्यात उरकतात. २१ तारखेला बदनापूरला आर्थर वेल्स्ली आणि स्टीव्हन्सन यांची मसलत झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी वर सरकायचं आणि २४ला मिळून शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर पडायचं, असं ठरलं. वेल्स्लीनं २३लाच लढाई दिली. तोफा ऐकून स्टीव्हन्सन निघाला, पण आधी भोकरदनकडे भरकटला आणि रणावर पोचला २४च्या संध्याकाळी. संशय वाटाड्यावर गेला. त्यानं मुद्दाम चुकवलं असेल तर मला त्याचा अभिमानच वाटतो.

मी पिंपळगाव रेणुकाईचा. बाजारात मिरचीचे ट्रक लागतात ते गाव. फौजेत आहे आणि ओरिएंटिअरिंग खेळतो. हातात नकाशा आणि होकायंत्र, अनोळखी जंगलात ठरलेल्या क्रमानं केशरी-पांढरी निशाणं शोधत धावायचं. दोन निशाणांच्या मधली वाट ज्याची त्यानं निवडायची. नॉर्वेत १८९७मध्ये याची पहिली खुली स्पर्धा झाली, १९१९नंतर स्वीडनच्या मेजर किलांदरनं तो पोराटोरांचा खेळ केला. गेल्या हंगामात ओल्या दगडावर माझा उजवा घोटा मुरगळला, लिगामेंट फाटलं. आता हाड-बिड ठीक आहे, सूज उतरली आहे, आणि सुट्टीत घरी बसून पुढच्या हंगामाचं वेळापत्रक मांडतो आहे. ते मांडताना असई सारखी मध्ये येते.

कारण ती लढाई म्हणजे आमचाच खेळ आहे. वेल्स्ली नळणीला आला तेव्हा शत्रू केळणा नदीपलीकडे, जुई आणि केळणा या नद्यांच्या मधल्या जिभेवर पसरलेला. वाटाडे सांगत होते, इथं नदीला उतार नाही. वेल्स्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर एका काठावर पिंपळगाव, समोरच्या काठावर वारूर. (पिंपळगाव म्हटलं की आमची पोरं हरखतात, पण या पट्ट्यात पिंपळगावं काय कमी आहेत?) दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत म्हणजे येणंजाणं असणार, येणंजाणं आहे म्हणजे उतार असणार. माणूस पाठवून खात्री केली, तर उतार होता. म्हातारपणीसुद्धा तो या गोष्टीची आठवण काढायचा. नकाशा वाचणं म्हणजे हेच. रेघ दिसत नसली तरी ती कुठं असायला हवी हे आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवायचं.

वेल्स्लीच्या या हुशारीचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. समोर शिंद्यांच्या पायदळाचा नायक पोहलमन यानं आपली अख्खी पायदळ-रांग नव्वद अंशांत वळवून त्याच्यासमोर उभी केली, हे कमी कसबाचं नव्हतं. आणि वेल्स्लीची स्वतःची माणसं त्याच मैदानात वाट चुकली. उजव्या बाजूच्या तुकड्या घेऊन लेफ्टनंट कर्नल ऑरॉक तिरकं जायचं सोडून सरळ असई गावाच्या रोखानं गेला. मागून ७४वी पलटण, समोर गावातल्या तोफा. ती पलटण जवळजवळ कापली गेली. त्या दिवशी इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर होते, आणि त्यांत मोठा वाटा या एका चुकलेल्या दिशेचा. ऑरॉकला कुणी फाशी दिली नाही.

आमच्या घरात वाटाडेपणाची गोष्ट अभिमानानं सांगत नाहीत. गावगाड्यात हे काम महारांकडे होतं. शीव दाखवायची, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, आलेल्या अंमलदाराला दुसऱ्या गावाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडायचं. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द शेवटचा धरायचे, आणि त्याच महाराला वेशीच्या आत ताठ मानेनं चालू द्यायचे नाहीत. निजामाच्या अमलात माझे आजोबा गिरदावराच्या घोड्यापुढे पळायचे. मजुरी नाही, शिळी भाकर मिळाली तर मिळाली. कोणत्या पांदणीत श्रावणात गुडघाभर चिखल होतो, ओढा कुठं ओलांडायचा, कुठल्या बांधावरच्या लिंबाशी वळायचं हे त्यांना अंधारात ठाऊक होतं. हे ज्ञान त्यांनी वडिलांना दिलं नाही. ‘साहेबाची वाट साहेब बघील’ म्हणाले आणि पोराला शाळेत घातलं. मी तेच काम करतो आणि मला त्याचं पदक मिळतं, यावर आजी हसायची.

अंधारात ठाऊक असणं आणि कागदावरून ठाऊक करून घेणं यांत जो काळ गेला, त्यात आणखी एक आजारी माणूस आहे. हिमालयाच्या शिखराला ज्याचं नाव दिलं तो जॉर्ज एव्हरेस्ट. १८१९मध्ये निजामाच्या मुलखातल्या जंगलात नकाशासाठी मोजणी करताना त्याला तापानं धरलं, आणि तो पुरता कधी सुटला नाही. १८२३मध्ये त्याचा वरिष्ठ लॅम्बटन हिंगणघाटला वारला आणि मोजणीची सगळी जबाबदारी एव्हरेस्टवर आली. हातपाय लुळे पडलेले. यंत्राच्या आसनावर त्याला दोन माणसं उतरवायची आणि उचलून काढायची, स्क्रू फिरवताना डावा हात दुसऱ्यानं धरून ठेवावा लागायचा. तरी सिरोंजच्या पायारेषेपर्यंत काम नेलं, मग १८२५मध्ये विलायतेला गेला, पाच वर्षं तिकडेच राहिला. ती वर्षं नुसती पडून काढली नाहीत. झालेलं गणित तपासून छापलं, चांगली यंत्रं करवून घेतली, आणि १८३०मध्ये परतला तो ती यंत्रं घेऊन. त्याच्या खाली राबणाऱ्या खलाशांना तापानंतर अशी सवड मिळाली नाही, हेही सांगायला हवं.

मला मात्र मिळाली आहे, तर तिचा उपयोग यंत्रावर करायचा. म्हणजे नजरेवर. एरवी आमचे लोक दुखापतीनंतर पहिलं उद्दिष्ट लिहितात ते किलोमीटरला किती मिनिटं. मी घड्याळ ट्रंकेत ठेवलं आहे. सध्या फक्त चालायचं. निघण्याआधी नकाशावर पुढची आडवी खूण, ओढा, पांदण, विजेची तार, मनात धरायची आणि तिथं पोचेपर्यंत कागद उघडायचा नाही. चाल एवढीच ठेवायची की खूण चुकली तर लगेच कळावं. घोट्यासाठी पायरीवर टाचा उचलणं, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. पळायचं की नाही ते संध्याकाळी ठरवत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा काय म्हणतो त्यावर ठरतं. पळायचं तेही आधी पीक निघाल्यावर नांगरलेल्या काळ्या रानात, मग अजिंठ्याच्या डोंगरउतारावर. उतरण सगळ्यात शेवटी, कारण घोट्याची परीक्षा चढणीपेक्षा उतरणीवर जास्त होते.

स्पर्धा कोणती घ्यायची यावर आमच्या उस्तादांशी फोनवर वाद चालू आहे. ते म्हणतात स्प्रिंट घे, बारा-पंधरा मिनिटांचा खेळ, पायावर ताण नाही. पण स्प्रिंट असते इमारतींमध्ये, फरशीवर, आणि दर वळणाला घोटा पिळतो. लाँगमध्ये दीड तास पळावं लागतं, तेवढा दम अजून नाही. मी मिडल लिहून दिली आहे. अर्ध्या तासाचा खेळ, दाट आणि गुंतागुंतीचं रान, निशाणं जवळजवळ. तिथं वेगवान पोरं ऑरॉकसारखी सरळ निघून जातात. उस्तादांनी अजून अर्जावर सही केलेली नाही.