गादी

निजण्यासाठी अथवा बसण्यासाठी कापडी खोळीत मऊ द्रव्य भरून तयार केलेले जाड अंथरूण. राज्याधिकार व मठाधिकार यांनाही मराठीत ‘गादी’ म्हणतात, यावरून मऊ आसनाला एकेकाळी असलेली प्रतिष्ठा ध्यानात येते.

अंथरुणाचा इतिहास खोळीहून पुष्कळ जुना आहे. दक्षिण आफ्रिकेतील ‘बॉर्डर केव्ह’ या गुहेत सु. २,००,००० वर्षांपूर्वी राखेच्या थरावर पसरलेले गवत आढळले (२०२०). त्याच देशातील सिबूडू येथे सु. ७७,००० वर्षांपूर्वीच्या लव्हाळ्याच्या थरावर कीटकरोधक झाडाची पाने अंथरलेली होती. तेव्हा मऊपणाइतकीच किड्यांपासून सुटका ही अंथरुणाची आद्य गरज होय.

भारतात भरणद्रव्यांचा काटेकोर विचार पाली विनयपिटकात केलेला दिसतो. भिक्षूंच्या गादीसाठी लोकर, कापड, झाडाची साल, गवत आणि पाने ही पाच द्रव्ये विहित होती. झाडाचा, वेलीचा व गवताचा असा तीन प्रकारचा कापूस (तूल) मात्र मंचकात भरण्यास मनाई होती. भरलेला आढळल्यास तो उपसून टाकावा लागे. उशीत तो चाले, पण उशी डोक्याच्या मापाचीच हवी. वैराग्य व सुखासीनता यांची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न येथे भरणद्रव्याच्या निवडीने सोडविलेला आहे.

पुढे सामान्य घरांत कापसाच्या गादीचा प्रसार झाला. कापूस घाम शोषतो व उबदार असतो; परंतु वापराने दबून त्याच्या गुठळ्या होतात, दमट हवेत तो ओल धरतो. ऊन देणे आणि ठराविक काळाने पिंजून पुन्हा भरणे हे यावरील उपाय. त्यावरच पिंजारी किंवा नदाफ यांचा व्यवसाय उभा होता. तातीच्या धनुकलीच्या आघाताने तंतू सुटे होत व तोच कापूस अनेकदा कामी येई. सावरीचा कापूस पोकळ तंतूंचा व मेणचट असल्याने हलका राहतो, सहसा भिजत नाही. तो गुळगुळीत असल्याने कातण्यास गैरसोयीचा, म्हणून उशीतच अधिक शोभतो. मात्र तो चटकन पेट घेतो. लोकर पुष्कळ बाष्प शोषूनही ओली वाटत नाही व सहजी पेटत नाही. नारळाचा काथ्या राठ पण टिकाऊ. रबराच्या चिकाने बांधल्यास तो लवचिक होतो.

विसाव्या शतकात कारखानी द्रव्ये आली. रबराच्या चिकाचा फेस घट्ट करण्याची डनलॉप पद्धती १९२९ मध्ये निघाली. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन शोधले व १९५० नंतर त्याचा मऊ फोम बाजारात आला. तो हलका, स्वस्त व एकसारखा असतो. पण तो उष्णता धरून ठेवतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. शिवाय एकदा बसलेला फोम पिंजता येत नाही, सबंध गादीच टाकून द्यावी लागते. पिंजाऱ्याची गरज संपण्याचे हे एक मुख्य कारण होय. यंत्राच्या पिंजणीने त्याचे उरलेले काम घेतले. अनेक कुटुंबांत आता केवळ आडनावच या व्यवसायाचे राहिले आहे.