बुणगे, खुर्दा आणि भाऊगर्दी : मराठीतील समूहवाचक शब्दांचा ऐतिहासिक विचार

निवडणुकीचा हंगाम आला की वृत्तपत्रांतून ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. यातील ‘भाऊ’ म्हणजे गावोगावचे भाऊ-दादा असा समज आता रूढ झाला आहे. वस्तुतः हे भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे आणि ही गर्दी म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेला संहार होय. एका महासंहाराचे नाव अडीच शतकांत उमेदवारांच्या दाटीला लागावे, हा अर्थपालट केवळ भाषाशास्त्राच्या कक्षेतील नाही. मोठ्या संख्येने चालणाऱ्या माणसांना मराठीने कोणती नावे दिली आणि ती देताना कोणाची मोजदाद केली, कोणाची केली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पानिपतच्या संदर्भात केला आहे.

‘गर्दी’ हा शब्द फारसीतून आला. ‘गर्द’ म्हणजे धूळ. ऐतिहासिक कागदपत्रांत ‘मुलूख गर्दीस मिळविणे’ म्हणजे तो धुळीस मिळविणे, उद्ध्वस्त करणे असा अर्थ असतो. माणसांच्या दाटीशी त्याचा संबंध दुय्यम आहे. उत्तरेत अशा उत्पातांना नावे देण्याची रीत होती. सूरजमल जाटाच्या फौजांनी १७५३ मध्ये जुनी दिल्ली लुटली, तिला ‘जाटगर्दी’ म्हणतात. मात्र येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. जाटगर्दीत उत्पात करणाऱ्याचे नाव आहे, भाऊगर्दीत ज्याच्यावर तो ओढवला त्याचे आहे. (इब्राहिमखानाच्या ‘गारदी’ पलटणींशी या शब्दाची गल्लत विद्यार्थी नेहमी करतात. तो शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला असून त्याचे कूळ निराळे आहे.)

मराठी लष्कराची परिभाषा पाहिली असता तीत शब्दांचे दोन वर्ग स्पष्टपणे दिसून येतात. पागा, बारगीर, शिलेदार, पथक, हशम हे शब्द पगाराशी आणि हजेरीशी बांधलेले आहेत. गणतीच्या वेळी घोड्याचा रंग आणि किंमतही टिपली जाई. दुसरा वर्ग ज्यांच्याकरिता असा तक्ता नव्हता त्यांचा. त्यांना मिळून एकच शब्द पुरत असे, तो म्हणजे ‘बुणगे’. फारसी ‘बुनगाह’ म्हणजे सामानसुमान, या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली तर हजारो माणसे सामानाच्या नावाने ओळखली गेली, असे म्हणावे लागते.

या एका शब्दाखाली कोण नव्हते? दाणावैरण पुरविणारे वंजारी, वाणी, नालबंद, शिकलगार, पखालजी, तट्टूवाले, सरदारांचे कुटुंबकबिले, दासी, आचारी, आणि फौजेच्या आश्रयाने मथुरा-काशीची यात्रा घडावी या आशेने निघालेले भाविक. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई छावणीत होत्या. न लढणाऱ्यांची संख्या लढणाऱ्यांहून पुष्कळ अधिक होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. नेमक्या आकड्यावर मात्र मतभेद आहेत, आणि ते मिटण्याची शक्यताही थोडी. कारण जी माणसे हजेरीपटावर चढलीच नाहीत, त्यांची बेरीज दफ्तरातून कशी निघावी?

बुणगे हे मराठ्यांच्या पराभवाचे एक कारण म्हणून पाठ्यपुस्तकांत येतात. हे विधान खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यानंतर भाऊंची फौज पानिपतास आली आणि पुढील अडीच महिने कोंडीत सापडली. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि रसदेची मोठी आशा संपली. उपासमारीचा पहिला घाव बुणग्यांवर पडला. चारा-लाकडांसाठी रात्री बाहेर पडलेल्या बुणग्यांची अफगाण स्वारांनी कत्तल केल्याचे वर्णन काशीराजाच्या वृत्तांतात आहे. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा, त्याचा वृत्तांत फारसी भाषेतला. म्हणजे आपल्या छावणीतील उपाशी माणसांविषयीची एक महत्त्वाची साक्ष शत्रुपक्षाच्या गोटातून येते. लढाईच्या दिवशी भाऊंनी ‘गोल’ रचला, तोही याच माणसांना मध्यभागी घेऊन यमुनेच्या रोखाने बाहेर काढण्यासाठी. ज्यांची गणती नव्हती त्यांनीच त्या दिवसाची युद्धरचना ठरविली, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरत नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ‘पानिपत : १७६१’ (१९४६) या ग्रंथात मोहिमेच्या राजकीय हेतूंची चर्चा ज्या ताकदीने केली, त्या ताकदीने या माणसांचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

गोल फुटला. त्यानंतरचा शब्द ‘खुर्दा’. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरेने सांगितले जाते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग नोंदविला आहे. त्या सांकेतिक भाषेत दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि उरलेली माणसे म्हणजे चांदी-तांब्याची नाणी. मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या, नाण्यांची गणती मात्र करता येत नाही असा निरोप होता. मराठीत हा प्रसंग सांगताना ‘खुर्दा’ हाच शब्द योजला जातो आणि तो दुहेरी लागू पडतो. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, आणि ‘खुर्दा उडणे’ म्हणजे धूळधाण होणे. पत्र अस्सल की दंतकथा हा वाद बाजूस ठेवला तरी पुण्याच्या मनातील उतरंड त्यातून लख्ख दिसते. या उतरंडीचे व्यावहारिक परिणामही संभवतात. मारल्या गेलेल्या शिपायाच्या मागे राहिलेल्यांना पेशवाईत ‘बालपरवेशी’ मिळे. पखालजीच्या विधवेने असा हक्क कोणत्या कागदाच्या आधारे मागावा? पेशवे दफ्तरातील बालपरवेशीच्या नोंदी या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोग्या आहेत.

पुढे ‘बाजारबुणगे’ ही शिवी झाली आणि राजकीय सभांतून ती आजही ऐकू येते. ‘जमाव’चे नशीब वेगळे. जमाव करणे म्हणजे पूर्वी फौज गोळा करणे. १८६० च्या दंडसंहितेने पाच किंवा अधिक माणसांच्या ‘बेकायदेशीर जमावा’ची व्याख्या केली आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पाचाचा आकडा कायम आहे. ‘तांडा’ हा धान्य-मिठाचे बैल हाकणारा फिरता काफिला होता. आता महाराष्ट्रात तांडा म्हणजे स्थिर वस्ती.

या पार्श्वभूमीवर ‘दिंडी’ हा शब्द उठून दिसतो. संत ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या दरबारी राहिलेले गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी लष्करी पद्धतीची शिस्त वारीत आणली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, रथ, चोपदार, आणि रथापुढील व रथामागील क्रमांक दिलेल्या दिंड्या ही सारी मांडणी छावणीची आठवण करून देते. फरक इतकाच की येथे क्रमांक पायी चालणाऱ्या सामान्य माणसांच्या दिंडीला आहे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते; तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते, आणि हरवल्या-सापडल्याची वार्ता सर्वांना मोठ्याने सांगितली जाते.