निलंग्याहून एक दिवस सायकलवर: तलाव कधी बघायचा आणि वाटाड्या कशाला लागतो?

सकाळी ठरलेल्या जागी सायकली तयार असतात. पुढे एक वाटाड्या, सगळ्यात मागे दुसरा, त्याच्याही मागे पाणी, पंक्चरचं सामान आणि दमलेल्यांसाठी जागा असलेली गाडी. मधे पाच-दहा हौशी मंडळी. डोंगराच्या कडेनं, तलावाच्या काठानं दिवसभर रपेट आणि संध्याकाळी परत. युरोपातल्या डोंगराळ भागांत हा रुळलेला धंदा आहे. आपल्याकडेही पुण्याच्या आसपास मुळशी, पवना या बाजूंना सुट्टीच्या दिवशी असे गट दिसतात.

हाच दिवस लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून आखायचा असेल तर? बघण्यासारखं इथे पुष्कळ आहे: खरोशाचा डोंगर आणि त्यातली लेणी, किल्लारीचा परिसर, तेरणा नदी, माकणीचं धरण, मसलग्याचा तलाव. मात्र ‘तलाव’ आणि ‘डोंगर’ या शब्दांचा अर्थ इथे वेगळा आहे. तो माहीत नसेल तर माणूस मे महिन्यात कॅमेरा घेऊन येतो आणि भेगाळलेल्या गाळाचे फोटो काढून परत जातो.

इथले डोंगर म्हणजे काय?

लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. जिल्ह्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ५४० ते ६३८ मीटर सांगितली जाते. म्हणजे या पठारावर चढउताराचा फरक जेमतेम शंभर मीटरचा. कळसूबाई १,६४६ मीटर. त्यामुळे घाट चढून छाती फुटेल असं इथे काही नाही. आहे तो माळ: लांबलचक चढ, मग तितकाच लांब उतार, मधे ओढा, पुन्हा चढ. नवख्या सायकलस्वाराला हे सोपं वाटतं आणि तिथेच तो फसतो. सह्याद्रीच्या घाटात झाडी असते, वळणावर सावली मिळते. माळावर सावली नाही आणि वारा अडवायलाही काही नाही. समोरून वारा लागला की सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखे पाय भरून येतात.

अशा सपाटीत उठून दिसणारी टेकडी म्हणजे खरोसा. गाव औसा तालुक्यातलं, लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर आणि निलंग्यापासून त्याहून बरंच जवळ. मराठवाड्यातला बहुतेक दगड काळा बेसाल्ट. वेरूळ-अजिंठाही त्यातच कोरलेलं. खरोशाची टेकडी मात्र जांभ्याची, तांबूस आणि सच्छिद्र. कोकणात घराच्या भिंतींना वापरतात तोच दगड. इथली लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात. आत शिवलिंग आहे, नृसिंह आहे, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण आहेत. जांभा बेसाल्टसारखा बारीक कोरकाम धरून ठेवत नाही, झिजतो. म्हणून इथल्या मूर्तींचे चेहरे पुसट झालेत आणि बघायला थोडा धीर लागतो. ब्रिटिश पुरातत्त्व अभ्यासक जेम्स बर्जेस यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात या लेण्यांची नोंद ‘करुसा’ या नावानं केली आहे. तेव्हा हा मुलूख निजामाचा. डोंगरावर रेणुकादेवीचं मंदिर आहे आणि यात्रेच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते.

सायकलच्या दिवसात खरोसा सकाळीच उरकावं. ऊन तापायच्या आत लेणी बघून होतात आणि पायही अजून ताजे असतात.

तलाव कुणाचा असतो?

लोणारसारखा अपवाद सोडला तर महाराष्ट्रातले बहुतेक प्रसिद्ध ‘लेक’ ही माणसानं अडवलेली पाणी साठवण आहे. भंडारदऱ्याचा जलाशय १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे झाला. मुळशीच्या धरणासाठी गावं बुडाली, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. पण तिथे सह्याद्रीचा पाऊस आहे. पावसाळा संपताना तलाव भरलेला असणार, हे गृहीत धरता येतं.

लातूरकडे हे गृहीत धरता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर पाणी आलं. त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा नदीला पूर आला. एका वर्षातली ही दोन टोकं बघितली की इथल्या तलावाचा फोटो कुठल्या महिन्यातला आहे, हे आधी का विचारायचं ते कळतं.

निलंगा तालुक्यातला मसलगा हा मध्यम प्रकल्प. शेजारच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात साकोळ आणि घरणी. याशिवाय गावोगावी छोटे साठवण तलाव आणि पाझर तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर राज्यभर असे पाझर तलाव खोदले गेले. पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना लागावं, हा त्यांचा हेतू. म्हणजे पाझर तलाव लवकर आटला तर तो बिघडला असं समजायचं कारण नाही. तो त्याचं काम करत असतो, पर्यटकाला ते दिसत नाही एवढंच.

मोठ्या तलावांचा हिशोब वेगळा. जलसंपदा विभागाच्या भाषेत ‘जिवंत साठा’ आणि ‘मृत साठा’ असे दोन शब्द आहेत. विसर्गाच्या दारातून बाहेर सोडता येतं ते पाणी जिवंत, त्याखालचं मृत. पाऊस कमी झाला की सिंचन थांबवून पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात. अशा वर्षी तलावाच्या काठावर जेवणाच्या पत्रावळ्या टाकणं किंवा पाण्यात सायकली धुणं म्हणजे गावाच्या हंड्यात हात घालण्यासारखं आहे. भांडण झालं तर गाव बरोबर असतं.

पाणी मागे हटलं की अजून एक गोष्ट दिसते. तलावाच्या पोटातली उघडी पडलेली जमीन, जिला गाळपेर म्हणतात, ती पेरली जाते. ओल असते, गाळ कसदार असतो, हरभरा चांगला येतो. लांबून हे गवताळ कुरण वाटतं आणि पाण्यापर्यंत सायकल नेण्याचा मोह होतो. ते कुणाचं तरी उभं पीक असतं. शिवाय काठचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी खाली ओला असतो. चाक रुततं, कधी माणूसही. उन्हाळ्यात याच गाळाचे ट्रॅक्टर भरून शेतात जाताना दिसतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ पासूनची, पण तळ्यातला गाळ शेतात टाकायची पद्धत त्याहून कितीतरी जुनी.

किल्लारीतून जाताना

खरोशाहून लामजना आणि पुढे किल्लारी. या रस्त्यावर वाटाड्याची खरी गरज लागते, कारण इथे दिसतं ते समजावून सांगणारं कुणी नसेल तर माणूस काहीही न बघता पुढे निघून जातो.

गावांची रचना बघा. सरळ रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट, घरांमध्ये मोकळी जागा. जुन्या मराठवाडी गावाला ही ऐसपैस मांडणी नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, इथे ६.२ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. तीव्रतेच्या मानानं हा आकडा भयंकर मोठा आहे आणि त्याचं कारण घरांत होतं. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपेतल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्त्यांची ही गावं त्यांपैकीच.

तेरणा नदी किल्लारीजवळून वाहते आणि तिच्यावर वरच्या बाजूला माकणीचं निम्न तेरणा धरण आहे, धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात. भूकंपानंतर या जलाशयाकडेही बोट दाखवलं गेलं. धरणात साठलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, हे कोयनेच्या अनुभवावरून शास्त्रज्ञ मान्य करतात. किल्लारीबाबत मात्र एकमत झालं नाही. १९९२ मध्येही या भागात छोटे धक्के बसले होते. नंतर अभ्यासासाठी इथे खोल छिद्र घेतलं गेलं, तेव्हा बेसाल्टचा थर सव्वातीनशे मीटरहून जास्त जाड निघाला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक लागला. सायकल ज्या काळ्या मातीवरून चाललेली असते, ती या थराची वरची झिजलेली साल.

किल्लारीत भूकंपात गेलेल्यांचं स्मारक आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात. त्या दिवशी या रस्त्यावर हौशी फेरी काढू नये. इतर दिवशीही पडक्या जुन्या गावठाणात रंगीत हेल्मेट घालून गटाचा फोटो काढण्याआधी विचार करावा. त्या भिंतींमधली माणसं कुणाच्या तरी घरची होती आणि ते घर आज नव्या जागी आहे.

खरोसा-किल्लारी एवढाच फेरा थोडीफार सवय असलेल्याला दिवसभरात आरामात होतो. माकणी जोडली की दिवस पुरता भरतो. या धरणावर दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांच्या पाणीयोजना आहेत, त्यामुळे बांधावर जायचं तर आधी विचारून जावं. तो वाटाड्याचा फोन, पाहुण्यांचा नव्हे.

वाटाड्या नेमकं काय करतो?

रस्ता फोनवरही दिसतो. फोनला न दिसणाऱ्या गोष्टी अशा.

पहिली, काटे. रस्त्याकडेची बाभूळ आणि वेडी बाभूळ सायकलच्या ट्यूबचे वैरी. फांद्या तोडून कुंपणाला नेताना काटे रस्त्यावर सांडतात. तलावाच्या बांधावरून सायकल न्यायची असेल तर माणशी किमान दोन ट्यूब जवळ हव्यात.

दुसरी, शेतीचं वेळापत्रक. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते आणि गावाजवळ डांबरी रस्त्यावरच पीक वाळत घातलेलं दिसतं. त्यावरून सायकल घालायची नसते, आणि घातली तर चाक घसरतं. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. चालकाला मागचं काही दिसत नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं ते यासाठी. लातूर-जहिराबाद महामार्ग टाळून आतल्या रस्त्यांनी फिरायचं तेही यासाठीच.

तिसरी, पाणी. तासाला साधारण अर्धा लिटर हा थंडीतला हिशोब, ऊन वाढलं की तो दुप्पट होतो. कुठल्या गावचा हापसा चालू आहे, कुठे जारचं पाणी मिळतं, हे त्या आठवड्याचं ज्ञान असतं. गेल्या वर्षीची यादी कामाची नाही.

चौथी, चिखल. पावसाळ्यात माळ हिरवागार असतो, पण काळ्या मातीच्या कच्च्या वाटेवर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती इतकी गच्च बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस डांबर सोडू नये.

मग जायचं कधी?

सप्टेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. पाऊस बरा झालेल्या वर्षी तलावांत पाणी असतं, रानात ज्वारी, तूर, हरभरा उभा असतो, थंडीत पाण्यावर चक्रवाकासारखे पाहुणे पक्षी उतरतात. मार्चनंतर पारा चढायला लागतो, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. तेव्हा फिरायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत. मग निलंग्यातलंच जुनं नीलकंठेश्वर मंदिर बघून, गाड्यावरचा मसालेदार निलंगा राईस खाऊन घरी जावं.

तारीख निवडायची मोकळीक असेल तर मार्गशीर्ष अमावस्या बघावी. लातूर-धाराशिवकडे ही वेळ अमावस्या, बोलीत येळवस. डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी बाजारपेठा ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. वाटाड्यानं त्या दिवशी जेवणाची सोय आधी करून ठेवायची गरज नसते. फक्त आंबील प्यायल्यावर लगेच सायकलवर बसायचा आग्रह पाहुण्यांना करू नये, कारण तासभर कुणी उठत नाही.