लग्नाची कॅसेट

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. 1988 सालचे लग्न, इंदूरचेच. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढलेली. जेल रोडवर विचारत विचारत एक जुना कारागीर गाठला. त्याने फीत हाताने पुसून, दोनदा गुंडाळून, कशीबशी संगणकावर उतरवून दिली. तीन तासांच्या कॅसेटमधून सव्वा तास हाती लागला.

आत्याला बोलावून घरातल्या सगळ्यांनी तो सव्वा तास पाहिला. अंतरपाट धरलेला, गुरुजींच्या मागे आजी हातात कागद घेऊन उभी, तिचे ओठ हलताहेत, आणि ऐकू येतेय ते हिंदी सिनेमातले गाणे! आजीने मुलीच्या लग्नासाठी स्वतः मंगलाष्टके रचली होती, ती स्वतःच म्हटली होती. आत्या एवढेच म्हणाली, "अरे, आईचा आवाज कुठे गेला?"

तो कुठे गेला, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

समारंभ टिपून ठेवण्याचा व्यवसाय आपल्या शहराला नवा नाही. राजा दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला शिकून 1866 साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. छायाचित्रणाचा नाद त्यांना इथेच लागला, आणि इथेच दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला. पुढे ते निजामाकडे गेले, सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ झाला. 1892 साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घरच्या बायकांसमोर कोण उभा राहणार, त्या मोकळेपणाने कुणाला सामोऱ्या जातील, याचा विचार त्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता. नवरीच्या खोलीत आजही कॅमेरेवाला दार न वाजवता शिरतो, तेव्हा दीनदयाळांची आठवण येते.

हलत्या चित्रांचा आरंभही आपल्याच माणसाचा. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि 1901 च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचे चित्रीकरण केले. हारतुरे, गर्दी, मधोमध सत्कारमूर्ती. लग्नाच्या चित्रीकरणापेक्षा ते फार वेगळे नसावे!

घरगुती लग्नात मात्र हलता कॅमेरा यायला फार वेळ लागला. 1965 साली सुपर एट फिल्म निघाली, पण ती परदेशी नातेवाईक असलेल्यांची चैन. एक रीळ जेमतेम तीन मिनिटे वीस सेकंद चाले, बहुधा आवाजाविना. त्यामुळे चालवणारा हात राखून बटण दाबी. ज्यांच्याकडे अशी रिळे असतील त्यांनी पाहावे, त्यात फालतू असे काही सापडत नाही.

1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि दशक संपता संपता लग्नात 'व्हिडिओवाला' हे नवे मानकरी पात्र दाखल झाले. खांद्यावर जडशीळ कॅमेरा, मागे काळ्या वायरीचे भेंडोळे आणि वायर सांभाळत हजार वॅटचा दिवा धरून उभा पोरगा. तो दिवा तोंडावर आला की भरल्या मांडवात घाम फुटे. जेवणाच्या पंगतीत तो कुणावर किती वेळ थांबला यावरून पुढे रुसवेफुगवे होत. जिलबीचा घास तोंडात असताना पकडले गेलेले आमचे एक काका त्या कॅसेटच्या प्रत्येक खेळाला उठून बाहेर जात.

नंतरचे काम दुकानात चाले. दोन व्हीसीआर आणि मिक्सर जोडून बदामाच्या आकारात नवरानवरी, गुलाबाच्या फुलातून उमलणारे विहीणबाईंचे मुख, गरगर फिरणारी मंगळवेढी. आज आपण हसतो, पण तेव्हा त्याचेच पैसे जास्त पडत आणि आपणच ते आवडीने मागत होतो. मूळ आवाजात भांड्यांचा खणखणाट, पोरांची रडारड, वाजंत्री. तो काढून सगळीकडे सिनेमाची गाणी भरली की कॅसेट 'सफाईदार' झाली असे मानत. आणि गिऱ्हाइकाला मिळे ती नक्कल. मूळ कॅसेट महाग, म्हणून ती पुसून पुढच्या लग्नाला वापरण्याचा रिवाज होता. आजीचा आवाज मूळ कॅसेटवर नक्की होता. बहुधा पंधरा दिवसांनी त्यावर दुसऱ्या कुणाची वरात चढली. त्या व्हिडिओवाल्याला दोष देत नाही. मूळ कॅसेट मागायची असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते.

1995 नंतर डिजिटल फिती आल्या, मग सीडी, डीव्हीडी. 2008 नंतर फोटोच्या कॅमेऱ्यानेच उत्तम चित्रफीत निघू लागली, मागची पार्श्वभूमी धूसर झाली, आणि लग्नाचा 'सिनेमा' झाला. आता ड्रोन आहे. 2016 मध्ये जपानमधल्या अखेरच्या कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणजे ज्यांच्या कपाटात कॅसेट आहेत त्यांनी उद्यावर टाकू नये. बुरशी आलेली कॅसेट घरच्या यंत्रात घालून पाहण्याचा मोह तर मुळीच नको. फीत तुटते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटला लागते.

आता चुलतभावाच्या मुलीचे लग्न ठरले आहे. यावेळी चित्रीकरणवाल्याशी बोलणी करायला मी बसलो. मुलगा हुशार, सामान उत्तम. पण त्याने आजवर बहुतेक उत्तर हिंदुस्तानी पद्धतीचीच लग्ने केलेली. तो जयमालेच्या 'एंट्री'चे बोलत होता, फेऱ्यांना किती वेळ लागेल विचारत होता. त्याला म्हटले, बाबा, आमच्याकडे मुहूर्त घटकापळावर असतो. 'सावधान' म्हणताच अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, झाले! तो क्षण दुसऱ्यांदा मिळत नाही. मग कागद घेऊन त्याला क्रमाने लिहून दिले: सीमांतपूजन, कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल. कानपिळीत नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो हे ऐकून त्याला भलतीच मौज वाटली. बाहेरच्या शहरांत राहणाऱ्या आपल्या लोकांनी असा कागद करावाच. त्याच्या अनुभवाचा तो दोष नाही.

आवाजाचे मात्र बजावून सांगितले. गुरुजींच्या उपरण्याला एक छोटा माइक आणि मंगलाष्टके म्हणणाऱ्यांपुढे दुसरा. चार मिनिटांच्या चकचकीत फितीत हवे ते संगीत घाल, पण विधींची सलग चित्रफीत मूळ आवाजासकट वेगळी दे. शिवाय न कापलेले सगळे चित्रीकरणही आमच्या डिस्कवर. यावर तो जरा बिचकला. 'रॉ' देत नसतो म्हणाला. त्याचेही खरे आहे, कच्चे काम पाहून लोक कारागिराला जोखतात. शिवाय आजच्या उत्तम प्रतीच्या चित्रीकरणाला तासाला 45 जीबीच्या आसपास जागा लागते, दोन कॅमेरे दिवसभर चालले की किती होईल! डिस्क आम्ही देऊ म्हटल्यावर तयार झाला.

हक्काचेही बोललो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे पैसे देऊन कुणी चित्रफीत करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक करवून घेणारा असतो. मात्र हल्ली छापील करारात बारीक अक्षरांत उलट लिहिलेले असू शकते. सहीपूर्वी वाचावे. आमच्या करारात ते वाक्य होते. 'नवरीच्या घरच्यांना विचारूनच जाहिरातीत वापरीन' अशी दुरुस्ती त्याने हसत हसत केली.

या लग्नात आत्या आजीची मंगलाष्टके म्हणणार आहे. कागद हरवला, पण पाचांपैकी चार तिला तोंडपाठ आहेत. पाचव्याच्या दोनच ओळी आठवतात. 1988 च्या त्या लग्नाला रामबागेतली बरीच मंडळी आली होती. त्या काळी मांडवात मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसणारे एक-दोघे असतच. कुणाकडे अशी जुनी ध्वनिफीत असेल, तर मंडळाच्या कार्यालयात कळवावे. लग्न मार्गशीर्षात आहे.