मूर्तिजापूरची गाडी आणि विद्यार्थ्यांचे बिऱ्हाड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या समाजातील उच्च शिक्षणाचा इतिहास’ या विषयावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात संकोचच उत्पन्न झाला. असे लेख आपण प्रतिवर्षी वाचतो. पहिले पदवीधर कोण, पहिले वकील कोण, पहिली स्त्री-डॉक्टर कोण, यांच्या नावांची मालिका त्यांत असते व ती असावी हेही योग्यच आहे. परंतु ही मंडळी गावातून महाविद्यालयापर्यंत पोहोचली तरी कशी, कोणत्या वाहनाने गेली, आणि तेथे पोहोचल्यावर वळकटी कोठे टाकली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या संघटनांचा इतिहास या वळकटीपासूनच सुरू होतो.

आपला जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. त्या काळी महाविद्यालय म्हणजे नागपूर. तेथे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले होते. वऱ्हाडात एकही महाविद्यालय नव्हते. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीचा. ते मॉरिस कॉलेजात शिकले आणि १९०२ साली बी. ए. झाले ते कलकत्ता विद्यापीठाचे! नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

यवतमाळ गावास त्या वेळी रेल्वेचा स्पर्शही झालेला नव्हता. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगाव हे जवळचे स्टेशन, व तेथपर्यंत एकोणतीस मैलांची पक्की सडक. ही सडक बाभूळगावावरून जाते. ज्याची ऐपत असे तो टांगा करी. इतरांसाठी घरची दमणी किंवा कापसाच्या गाठी घेऊन निघालेली भाड्याची गाडी. पैनगंगेच्या काठच्या उमरखेड-पुसदकडील मुलास तर यवतमाळ गाठणे हाच एक प्रवास होता. वणीकडील मंडळी पुढे माजरीमार्गे वर्ध्याकडे व नागपूरकडे वळू लागली, त्यामुळे वणीचे विद्यार्थी नागपूरचे आणि दारव्हा-यवतमाळचे विद्यार्थी अमरावतीचे, अशी एक सहज विभागणी झाली. ती कोणी ठरवून केली नाही, रुळांनीच केली.

पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मापाची गाडी आली. आज सर्वजण तिला कौतुकाने ‘शकुंतला’ म्हणतात. तिचा जन्म विद्यार्थ्यांसाठी झाला नव्हता, हे मात्र स्मरणात ठेवले पाहिजे. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईच्या बंदरात व तेथून विलायतेस पोचवावा, या हेतूने किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने ती बांधली, व जी. आय. पी. रेल्वेने ती चालविली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. तिला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टर येथे १९२१ साली बनले, १९२३ साली येथे कामास लागले आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले. सत्तर वर्षे एकाच इंजिनाने सेवा करावी, हे अनेक माणसांसही साधत नाही.

यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर ११३ किलोमीटर. गाडी निघे ती लाडखेड, दारव्हा मोतीबाग, कारंजा असे करीत, ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने, मूर्तिजापुरास पोहोचे. तेथे मोठी गाडी धरून परत पूर्वेकडे बडनेऱ्यास यायचे, आणि बडनेऱ्यास पुन्हा उतरून अमरावतीचा फाटा धरायचा. नकाशा पुढे घेऊन पाहावे. यवतमाळच्या उत्तरेस असलेल्या अमरावतीस जाण्यासाठी विद्यार्थी प्रथम पश्चिमेस, मग उत्तरेस व शेवटी पुन्हा पूर्वेस जात असे. कापसाला याची तक्रार नव्हती, कारण त्याला मुंबईसच जायचे होते. विद्यार्थ्याचा मात्र दिवसाचा मोठा भाग यात जाई, आणि एखादी गाडी चुकली तर रात्र मूर्तिजापूरच्या फलाटावर ट्रंकेला टेकून काढावी लागे. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांनी ती पत्र्याची ट्रंक अखेरपर्यंत जपून ठेविली होती. तिच्या एका कोपऱ्यास खोक पडलेली होती. ती मूर्तिजापूरची, असे ते सांगत.

याचा परिणाम उघड आहे. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, ज्याचे पुढे विदर्भ महाविद्यालय झाले, तरी आपल्या जिल्ह्यातील मुलगा तेथे गेला की दिवाळीपर्यंत घरी परतत नसे. त्याला राहण्यास जागा हवी. आता परगावी, परक्या शहरात जागा देताना घरमालक प्रथम काय विचारी, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. माझ्या वडिलांच्या पिढीतील एकास एका वाड्यात आडनाव सांगताच ‘खोली कालच दिली’ असे उत्तर मिळाले होते. ती खोली पुढे दोन महिने रिकामीच दिसत होती. सर्वच ज्ञातींच्या विद्यार्थ्यांस असा अनुभव कमीअधिक प्रमाणात आला, आणि ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते त्यांस सर्वांत कठोरपणे आला.

तेव्हा ज्ञातिनिहाय वसतिगृहांची कल्पना रुजली. तिचा आदर्श कोल्हापूरचा होय. शाहू महाराजांनी १९०१ साली तेथे मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह स्थापिले, व त्यामागोमाग अनेक ज्ञातींची व धर्मांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली. विदर्भातील ज्ञातिसंस्थांनीही त्याच वाटेने जाऊन नागपूर-अमरावतीस भाड्याची घरे घेतली. पुष्कळ संस्थांचा आरंभ परिषदेने झाला असे त्यांच्या अहवालांत लिहिलेले असते. पण चार मुलांना एका छपराखाली झोपण्याची सोय करणे, हेच कित्येकींचे पहिले खरे कार्य होते.

या घरांत विद्यार्थ्यांची संघटना कशी जन्मली, हे पाहण्यासारखे आहे. आरंभी ती मेसची कमिटी होती. महिन्याचा हिशेब कोणी ठेवावा, महाराजांचा पगार कोणाकडून जमवावा, शिधा कोणत्या दुकानातून आणावा, या वादांतून चिटणीस निवडला जाई. वसुली नीट करणारा मुलगाच पुढे वादविवाद मंडळाचा चिटणीस होई, हस्तलिखित मासिक काढी, गणेशोत्सवाची वर्गणी जमवी. १९३० साली लोकनायक अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तर विद्यार्थीवर्ग वर्ग सोडून रस्त्यावर आला. अशा वेळी ज्यांना एकमेकांची नावे, गावे व स्वभाव ठाऊक होते ते एका ताटावर जेवलेले विद्यार्थीच होते. अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशन १९३६ साली लखनौस निघाले खरे. पण आमच्याकडील मुलाला संघटना म्हणजे काय ते त्याआधीच डाळीच्या हिशेबाने शिकविलेले होते.

येथे सत्य सांगण्यात कसूर करता कामा नये. ज्ञातीचे वसतिगृह जसे आश्रय होते, तसेच कुंपणही होते. ज्या मुलांना बाहेर ‘खोली दिली’ म्हणून परतविले गेले, त्यांच्याच वसतिगृहांनी पुढे खालच्या समजलेल्या ज्ञातीच्या मुलाला तेच उत्तर दिले, असे घडले आहे, आणि आपली संस्थाही त्यास अपवाद नव्हती. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांनी वेगळा मार्ग दाखविला. १९२६ च्या अखेरीस ज्यांची हत्या झाली त्या स्वामी श्रद्धानंदांच्या नावे त्यांनी छात्रालय काढले, व त्यात सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेविले. त्यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली हे सर्वांस ठाऊक असते. छात्रालयाचे महत्त्व मला त्याहून कमी वाटत नाही.

मुलींविषयी तर लिहावे तितके थोडे. दूरच्या गाडीने जाऊन परक्या घरी राहणे हीच जेथे उच्च शिक्षणाची अट होती, तेथे मुलींचे नाव हजेरीपटावर येणार कोठून? आपल्या समाजातील पहिल्या पदवीधर भगिनींचे आपण अभिमानाने छायाचित्र छापतो, परंतु त्यांच्या नातेवाइकांचे घर त्या शहरात होते, ही गोष्ट त्या छायाचित्राखाली लिहीत नाही.

हे सर्व बदलले ते १९५६ साली व त्यानंतर. त्या वर्षी यवतमाळ येथे विद्या प्रसारक मंडळाचे अमोलकचंद महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, व विदर्भातील प्रांतिक मोटारसेवा यथाकाल राज्य परिवहनात विलीन झाली. पुढे वणी व पुसद येथेही महाविद्यालये झाली. मोटारीला रुळांचे बंधन नाही. ती मूर्तिजापूरची प्रदक्षिणा न घालता थेट जाते. पिढ्यान्पिढ्या जो मुलगा दिवाळीस घरी येत असे, तो आता संध्याकाळी येऊ लागला. बापास त्याचे हात शेतावर मिळू लागले, आणि मुलींनाही महाविद्यालय दिसले.

पण या सोयीची किंमतही होती, व ती मी स्वतः दिली आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस मी दारव्ह्याकडील एका खेड्यातून रोज मोटारीने यवतमाळला येत असे. वादविवाद मंडळाची सभा तासिका संपल्यावर भरे, आणि माझी परतीची गाडी सभापतींचे प्रास्ताविक संपण्यापूर्वी सुटे. एकदा विषय माझ्या आवडीचा होता म्हणून थांबलो. गाडी गेली, आणि रात्र स्टँडच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारले, ‘‘भाषणानं पोट भरलं का रे?’’ स्नेहसंमेलनाचे चिटणीस, नाट्यमंडळाचे प्रमुख, वर्गप्रतिनिधी हे बहुधा गावात राहणारे असत. आम्ही पासवाले मते देत असू आणि स्टँडकडे धावत असू. पूर्वी वसतिगृहात ज्ञातीचे कुंपण होते. आता वेळापत्रकाचे झाले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळाच्या प्रत्यक्ष निवडणुका जाऊन गुणांवर नेमणूक सुरू झाली, तेव्हा तर पासवाल्यांचे मत देणेही संपले.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो. शकुंतलेची गाडी बंद पडली आहे. एस. टी.च्या मासिक पासासाठी विद्यार्थ्यास भाड्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग द्यावा लागतो. अहिल्याबाई होळकर योजनेने मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंतच. म्हणजे महाविद्यालयाची पदवीची पायरी चढताच तो हातातून जातो. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा ज्यांच्या घरी दुचाकी होती ती मुले कॉलेजात गेली व बाकीची घरी राहिली. दुचाकी असलेल्या घरातही ती प्रथम मुलास मिळाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या २८ फेब्रुवारीस सुरू झाला.

आपल्या संस्थेच्या जुन्या वसतिगृहाचा विषय यंदा सभेपुढे आहे. खोल्या निम्म्या रिकाम्या आहेत, सबब दर्शनी भाग दुकानांस भाड्याने द्यावा, अशी सूचना आली आहे. मुले रोज घरी जातात, मग वसतिगृह कशास, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. तथापि मी गेल्या महिन्यात दोन सायंकाळी बसस्थानकावर उभा राहून पाहिले. प्रयोगशाळेचे काम अर्धे टाकून आलेल्या मुली तेथे होत्या. त्यांतील तिघी आपल्याच समाजाच्या होत्या, व एकीची प्रात्यक्षिक परीक्षा आठवड्यावर आली होती. चार खोल्या परीक्षेच्या काळात मुलींसाठी, त्याही कोणत्याही ज्ञातीच्या मुलींसाठी, खुल्या ठेवाव्यात व एका वयस्क भगिनीने तेथे राहावे, असा ठराव मी लेखी पाठविला आहे. दुकानांचे भाडे किती येईल याचा आकडा चिटणिसांकडे तयार आहे. त्याच कागदावर या चार खोल्यांचा खर्चही मांडावा, एवढी विनंती त्यांस केली आहे.

ज्या कुटुंबांकडे जुन्या वसतिगृहांच्या मेसच्या वह्या, हस्तलिखित मासिके किंवा मूर्तिजापूरचे एखादे तिकीट असेल, त्यांनी ते सभेच्या दिवशी सोबत आणावे. ट्रंक माझ्याकडे आहे. ती मी घेऊन येईन.