एका मंडळाची बत्तीस मंडळे

शहरातील सर्व शाळा एकाच मंडळाच्या हाती असाव्यात, की लहान लहान मंडळे करून त्या ज्या त्या वस्तीच्या स्वाधीन कराव्यात, हा वाद वरवर पाहता केवळ कारभाराच्या सोयीचा वाटतो. न्यूयॉर्क शहरात तो दीडशेहून अधिक वर्षे चालला, आणि १९६८ साली त्यापायी दहा लाखांहून अधिक मुलांच्या शिक्षणाचा आठवडेच्या आठवडे खोळंबा झाला.

प्रारंभी सत्ता वस्तीकडेच होती. १८४२ च्या कायद्याने शहराला शिक्षण मंडळ मिळाले, तरी प्रत्यक्ष शाळा चालवीत ते वॉर्डावॉर्डातून निवडून आलेले विश्वस्त. शिक्षकांच्या नेमणुका त्यांच्या हाती असल्याने वशिलेबाजी शिरली. मुंबई प्रांतातील लोकल बोर्डांच्या काळच्या बदल्यांच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. निकोलस मरे बटलर प्रभृती सुधारकांनी चळवळ केली, आणि १८९६ साली वॉर्डांचे विश्वस्त कायद्यानेच नाहीसे झाले. कारभार तज्ज्ञांकडे गेला. सुधारकांचा हेतू स्वच्छ होता. परंतु परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांना शाळेच्या कारभारात डोकावण्याची जी एक फट होती, तीही त्यांनी बुजविली.

पुढे ब्रुकलिनमधील लिव्हिंग्स्टन स्ट्रीटवरील ११० क्रमांकाची इमारत हे या कारभाराचे मुख्य ठाणे झाले. पालकाचा अर्ज तेथे गेला की तो हरवलाच, अशी तिची ख्याती! १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या मंडळाने आश्वासने पुष्कळ दिली. शाळा मात्र वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी चार लाखांहून अधिक मुलांनी शाळेवर बहिष्कार घातला, तरी काही हलले नाही. शेवटी कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन पालकांनी मागणीच बदलली. गोरी मुले आमच्या शाळांत येणार नसतील, तर निदान आमच्या शाळा आमच्या हाती द्या, असे ते म्हणू लागले.

१९६७ साली प्रयोगादाखल तीन लहान विभाग स्थापन झाले. त्यांपैकी ओशन हिल–ब्राउन्सव्हिल हा ब्रुकलिनमधील अत्यंत गरीब भाग. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅकजॉर्ज बंडी यांच्या समितीने सबंध शहराचे तीस ते साठ विभाग करावेत अशी शिफारस केली. परंतु नव्या मंडळांचे अधिकार कोणते, हे कोणीच नीट सांगितले नव्हते. मे १९६८ मध्ये ओशन हिलच्या मंडळाने १९ शिक्षक व पर्यवेक्षकांना आपल्या शाळांतून बाहेर काढले. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी आक्षेप घेतला की, रीतसर चौकशीवाचून शिक्षकाला असे हलविता येणार नाही. पुढे चौकशी झाली. ती करणारे निवृत्त न्यायाधीश फ्रान्सिस रिव्हर्स हे स्वतः कृष्णवर्णीय होते. आरोप सिद्ध झाले नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. स्थानिक मंडळ आणि त्याचे प्रशासक ऱ्होडी मॅकॉय मात्र मागे हटले नाहीत. आपल्या मुलांना कोण शिकविणार हे ठरविता येत नसेल, तर हे मंडळ हवे कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. त्यालाही सरळ उत्तर नव्हते.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तीन संप झाले; शाळेचे ३६ दिवस बुडाले. शिक्षकांत ज्यूंची संख्या मोठी असल्याने भांडणाला भलताच रंग चढला. ज्यूंविषयी विखारी मजकुराचे निनावी पत्रक निघाले, आणि संघटनेनेच त्याच्या प्रती छापून शहरभर वाटल्या. वास्तविक संपकाळात ओशन हिलने जे नवे शिक्षक नेमले, त्यांत बहुतेक गोरे, आणि पुष्कळ ज्यूही होते. पण क्षोभाच्या दिवसांत असली माहिती कोण ऐकतो?

१९६९ च्या कायद्याने मंडळ विभागले गेले. विभागांची संख्या पुढे ३२ वर स्थिरावली. प्राथमिक व माध्यमिक वर्ग निवडून आलेल्या स्थानिक मंडळांकडे गेले, हायस्कुले मध्यवर्ती मंडळाकडेच राहिली. विभागात किमान वीस हजार विद्यार्थी हवेत अशी अट होती. त्या अटीतच ओशन हिलचा चिमुकला विभाग गडप झाला! पालकाला नागरिकत्व नसतानाही मत देता येई, ही या कायद्यातील उदार तरतूद. पण मतदार फिरकलेच नाहीत. मग संघटित गटांचे फावले, काही मंडळांत नोकऱ्यांचा बाजार भरला, आणि १९९६ साली त्यांचा नेमणुकांचा अधिकार काढून घेण्यात आला. माझ्या मते येथे दोष लहान आकाराचा नव्हता. अपुरा अधिकार दिला, तो वापरण्याची सवय लावली नाही, आणि अनागोंदी माजताच तोही परत घेतला, असा हा क्रम आहे.

२००२ साली राज्याने शाळा महापौरांच्या ताब्यात दिल्या. दोनच वर्षांत स्थानिक मंडळेही इतिहासजमा झाली. नकाशावर मात्र ते ३२ विभाग आजही आहेत. प्रत्येकात मुख्यत्वे पालकांची परिषद असते. शाळांच्या हद्दींना मंजुरी देण्याचा अधिकार तिला आहे. शिक्षक नेमण्याचा नाही.